दवा-दारू

कोंढ्यात धानाची कापणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. पवनी तालुक्यातले हे आमचे गाव. चहूकडे धानाच्या बांध्या आणि धुऱ्यावर मोहाची झाडे. अशाच एका कापणीत दादीच्या बोटाला विळा लागला. अब्बांनी फळीवरची स्पिरिटची बाटली काढली, कापूस भिजवला आणि दादीचा हात धरला. दादीने हात मागे ओढून विचारले, "इसमें शराब है क्या?" अब्बा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "शराब नहीं अम्मा, दवा है." दादीने बोट पुढे केले. पण मगरिबच्या नमाजपूर्वी तिने ते बोट तीनदा पाण्याने धुतले आणि कापूस चुलीत टाकला. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. दोघांपैकी खरे कोण, हा प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हापासून आहे. (उघड्या जखमेवर स्पिरिट ओतू नये, त्याने जिवंत पेशीही मरतात, जखम साबण-पाण्याने धुवावी, असे आजचे डॉक्टर सांगतात. त्या हिशोबाने दादीचे तीनदा धुणे हाच त्या दिवशीचा बरा उपचार होता.)

या प्रश्नाचा इतिहास शोधू लागलो तेव्हा पहिला गोंधळ शब्दांनीच घातला. "दारू" हा मुळात फार्सी शब्द आणि फार्सीत त्याचा अर्थ औषध. इराणमध्ये आजही औषधाच्या दुकानाला "दारूखाना" म्हणतात. तिथला माणूस दारूखान्यातून बाहेर पडला तर त्याच्या हातात तापाच्या गोळ्या असतात. मराठीने हा जुना अर्थ एका जोडशब्दात जपून ठेवला आहे. "दवादारू केली, पण गुण आला नाही," असे आपण म्हणतो तेव्हा त्यातल्या दारूला कुणी नाक मुरडत नाही.

"अल्कोहोल" शब्दाची कथा याहून नवलाची आहे. त्याचे मूळ अरबी "अल्-कुहल", म्हणजे सुरमा. ईदच्या सकाळी अम्मी आमच्या डोळ्यांत घालायची तोच. खनिज कुटून, वस्त्रगाळ करून केलेली अतिसूक्ष्म पूड असा त्याचा अर्थ. हा शब्द किमयेच्या ग्रंथांबरोबर लॅटिनमध्ये गेला आणि तिथे कुठल्याही पदार्थाच्या बारीक, शुद्ध केलेल्या अंशाला तो लावू लागले. सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने द्राक्षमद्याच्या अर्काला तो लावला आणि पुढे मागचे सगळे अर्थ गळून एवढाच अर्थ उरला. काही उर्दू लेखक हा शब्द "गौल"वरून आला असे सांगतात. सूरह साफ्फातमध्ये जन्नतच्या पेयात "गौल" नसेल, म्हणजे डोके फिरवणारे काही नसेल, असा उल्लेख आहे, हे खरे. पण शब्दाचा प्रवास तपासला तर तो सुरम्याच्या डबीतूनच निघालेला दिसतो.

आपल्या जलशांमध्ये आणखी एका वाक्यावर हमखास टाळी पडते: अल्कोहोलचा शोध मुसलमानांनी लावला. ज्या वस्तूला आपण हात लावत नाही म्हणतो, तिचे पेटंट मात्र आपल्याला हवे असते! वस्तुस्थिती जरा गुंतागुंतीची आहे. नवव्या शतकात बगदादच्या अल्-किंदीने अत्तरांवरच्या ग्रंथात ऊर्ध्वपातनाच्या कृती दिल्या. रय शहराच्या अबू बक्र अर्-राझीने त्या कामाची भांडी-उपकरणे नीट वर्णन केली. जाबिरच्या नावाने चालणाऱ्या लेखनात उकळत्या मद्याची वाफ पेट घेते, ही नोंद सापडते. पण जळणारा मद्यार्क वेगळा काढण्याच्या स्पष्ट कृती बाराव्या शतकात इटलीतल्या सालेर्नोच्या वैद्यकशाळेच्या आसपास मिळतात. तेव्हा यंत्र आणि तंत्र अरबांनी सुधारले, त्यातून काढलेल्या मद्यार्काला औषध म्हणून युरोपने डोक्यावर घेतले, एवढे म्हणणे प्रामाणिकपणाचे होईल.

त्या यंत्राचे नाव "अंबीक". मूळ शब्द ग्रीक. आपल्या युनानी हकिमांकडे ते "करांबीक" किंवा "भबका" म्हणून आजही आहे. गुलाबाचा अर्क, बादियानचा म्हणजे बडीशेपेचा अर्क त्यातच निघतो. खाली भांडे, भांड्यात पाणी आणि फुले, खाली आग, वर वाफ थंड करण्याची सोय. आता हकिमाच्या खोलीतून निघून मोहाच्या भट्टीपाशी जा. तेच भांडे, तीच आग, तीच थंड करण्याची सोय. फरक इतकाच की भट्टीवर चढवण्याआधी फुले पाण्यात घालून काही दिवस आंबवलेली असतात. त्याला आमच्याकडे "सडवा" म्हणतात. वर्तमानपत्रात "मोहाचा सडवा नष्ट केला" अशी बातमी भंडारा जिल्ह्याच्या पानावर वाचायला मिळते, तो हाच.

मोहाचे फूल साखरेने भरलेले असते. सुकल्यावर त्याच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. चैत्राच्या पहाटे ही फुले टपटप पडतात आणि बायका-पोरे टोपल्या घेऊन वेचायला जातात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतातली कितीतरी माणसे ही फुले खाऊन जगली. म्हणजे मोह मूळचा अन्न आहे. साखरेवर यीस्ट नावाचा सूक्ष्म जीव वाढतो, साखर खातो आणि दोन गोष्टी बाहेर टाकतो: कार्बन डायऑक्साइड वायू आणि इथाइल अल्कोहोल. पाणी १०० अंशांवर उकळते, हे अल्कोहोल ७८ अंशांच्या जवळपास. म्हणून भट्टी तापली की आधी अल्कोहोलची वाफ जोर करते. "पहिल्या धारेची" म्हणून जिची ख्याती असते, तिच्या कडकपणाचे कारण हे एवढेच आहे.

इंग्रजी राजवटीने या फुलात महसूल पाहिला. मध्य प्रांतात गावोगावच्या भट्ट्यांचा हक्क लिलावाने ठेकेदाराला द्यायची पद्धत होती. पुढे मोठ्या डिस्टिलऱ्या आल्या. मुंबई इलाख्यात तर १८९२ साली खास मोहफुलांसाठी कायदा झाला आणि घरात फुले बाळगण्यावरच बंधने आली. आंबवायच्या आधी, नुसते फूल असतानाच त्याच्यावर पहारा बसला. ही बंधने या ना त्या रूपात इतकी टिकली की राज्य सरकारने मोहफुलांच्या संकलन-वाहतुकीवरचे निर्बंध उठवले ते २०२१ साली.

सरकार एका हाताने ठेका देत होते तेव्हा दुसऱ्या हाताने त्याचे डॉक्टर तीच वस्तू चमच्याने पाजत होते. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलचे डॉ. रॉबर्ट बेंटली टॉड तापाच्या रोग्यांना ब्रँडी देण्याचे मोठे पुरस्कर्ते होते. मद्य म्हणजे उत्तेजक, खचलेल्या हृदयाला टाच मारणारे, असा तेव्हाचा समज. सर्दी झाली, दोन चमचे ब्रँडी. बाळंतिणीला थंडी वाजते, दोन चमचे ब्रँडी. मराठी घरांत हे आजही चालते आणि ते करणाऱ्या सगळ्याच घरांत देव्हारा असतो असे मला म्हणता येणार नाही.

शरीरात प्रत्यक्ष काय होते? अल्कोहोलचा रेणू फार लहान. तो पाण्यात मिसळतो, चरबीतही शिरतो. त्याला पचावे लागत नाही. पोट आणि आतड्यातून तो थेट रक्तात उतरतो आणि काही मिनिटांत मेंदूपर्यंत जातो. तिथे तो उत्तेजन देत नाही, मेंदूचे लगाम ढिले करतो. पहिल्यांदा सुटतो तो संकोचाचा लगाम, म्हणून पिणारा मोकळा, बोलका वाटतो आणि बघणाऱ्याला ती तरतरी वाटते. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब वाटते, पण त्याच वाटेने अंगातली उष्णता बाहेर जाते. कुडकुडणाऱ्या माणसाला ब्रँडी दिली तर तो आणखी थंड पडतो. यकृत त्याचे आधी ॲसिटाल्डिहाइड करते, मग ॲसिटेट. हे काम ते आपल्या संथ गतीने करते, तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम. लिंबू-पाण्याने, कॉफीने, आंघोळीने ही गती वाढत नाही. मधल्या टप्प्यावरचे ॲसिटाल्डिहाइड अंगाला जास्त जाळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ सालीच मद्याला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आणि २०२३ साली संघटनेने स्पष्ट केले की प्रकृतीला सुरक्षित अशी कुठलीच मात्रा नाही. ब्रँडीच्या चमच्याचा शंभर-दीडशे वर्षांचा रुबाब असा उतरला.

मात्र औषधाच्या कपाटातून अल्कोहोल गेले नाही. वनस्पतीतले कितीतरी गुण पाण्यात उतरत नाहीत, अल्कोहोलमध्ये उतरतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. टिंक्चर आयोडीन, टिंक्चर बेंझॉइन ही नावे जुन्या कंपाउंडरांच्या तोंडी होती. होमिओपॅथीच्या थेंबांत तेच. आयुर्वेदाच्या आसव-अरिष्टांत ते वरून घालत नाहीत, धायटीची फुले आणि गूळ घालून काढा आंबवला की ते आपोआप तयार होते. अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट, द्राक्षासव यांत साधारण ५ ते १० टक्के अल्कोहोल असते, म्हणजे बिअरइतके किंवा जास्त. फरक मात्रेचा: दोन-चार चमचे, तेही पाण्याबरोबर.

कायद्यापुढचा पेच नेमका इथेच उभा राहिला आणि तो आपल्या मुंबईत उभा राहिला.

बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. त्यात मद्याची व्याख्या इतकी रुंद होती की ज्या द्रवात अल्कोहोल आहे तो प्रत्येक द्रव तिच्यात बसला. खोकल्याचे औषध, टिंक्चर, कोलनवॉटर, सगळे. इकडे २६ जानेवारी १९५० रोजी घटना अमलात आली. तिच्या ४७ व्या कलमाने राज्याला दारूबंदीचे ध्येय सांगितले, पण औषधी उपयोगाचा अपवाद करून. त्याच वर्षी एफ. एन. बालसरा नावाचे पारशी गृहस्थ मुंबई उच्च न्यायालयात गेले. व्हिस्की-ब्रँडीपासून कोलनवॉटर आणि औषधापर्यंत सर्व बाळगण्याचा आपला हक्क त्यांनी मागितला. मुख्य न्यायमूर्ती होते एम. सी. छागला, मुंबईच्या खोजा घराण्यातले. त्यांच्या खंडपीठाने बालसरांचे काही म्हणणे मान्य केले, काही फेटाळले. प्रकरण दिल्लीला गेले. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. तो लिहिला न्यायमूर्ती सय्यद फजल अली यांनी. पिण्याच्या दारूवरची बंदी त्यांनी कायम ठेवली आणि अल्कोहोल असलेली औषधे व प्रसाधने बंदीच्या बाहेर काढली. पीठावर नागपूर उच्च न्यायालयातून गेलेले व्हिव्हियन बोसही होते.

मला हा निकाल वाचताना नेहमी एक गोष्ट जाणवते. छागला आणि फजल अली, दोघेही मुसलमान न्यायाधीश. आमच्या घरात अब्बा आणि दादी जो प्रश्न कापसाच्या बोळ्यावर सोडवत होते, तोच या दोघांसमोर घटनेच्या भाषेत आला होता आणि त्यांनी तो शरियतचे नावही न घेता, पूर्णपणे नागरी कायद्याच्या आधाराने सोडवला. याच फजल अलींच्या अध्यक्षतेखालच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली भंडाऱ्यासह वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. ती मानली गेली असती तर मुंबईचा दारूबंदी कायदा कोंढ्याला कदाचित लागूच झाला नसता. पण तो वेगळा विषय आहे.

औषध आणि दारू यांच्यातली रेषा कागदावर आखली गेली, पण ती माणसाच्या अंगावर कशी ओळखायची? त्याच मे महिन्यात मुंबईत रात्री एका जीपने तिघांना धडक दिली. चालवणारे होते खुद्द प्रादेशिक परिवहन अधिकारी. डॉक्टरांनी तपासले: तोंडाला दारूचा वास, डोळे लालसर, बाहुल्या काहीशा विस्फारलेल्या, पण बोलणे सुसंगत आणि सरळ रेषेवर चालणे व्यवस्थित. अधिकारी म्हणाले, मी दारू प्यालो नाही, बी. जी. फॉस नावाचे टॉनिक घेतले. त्या टॉनिकमध्ये १७ टक्के अल्कोहोल होते. पेसिकाका खटला म्हणून हे प्रकरण वकिलांना पाठ असते. खालच्या न्यायालयाने दारूबंदीच्या कलमातून सोडले, उच्च न्यायालयाने दोषी धरले, आणि १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने सोडले. कारण बालसरा निकालानंतर अंगात अल्कोहोल असणे हा गुन्हा उरला नव्हता. ते अल्कोहोल औषधातले नव्हते, हे सरकारने सिद्ध करायला हवे होते. आणि ते सिद्ध करणार कसे? रक्तात उतरलेल्या अल्कोहोलला बाटलीचे लेबल नसते. टॉनिकमधले आणि व्हिस्कीमधले इथेनॉल तंतोतंत एकच.

सरकारने मग कायदा दुरुस्त करायचा सपाटा लावला. १९५२ साली औषधे, जंतुनाशके, प्रसाधने यांना सूट दिली, पण ती पिण्याच्या कामाची नसावीत अशी अट घातली आणि ते ठरवायला तज्ज्ञांचे मंडळ नेमण्याची तरतूद केली. औषधाच्या नावाने टिंक्चरे राज्याराज्यांत फिरू लागली म्हणून केंद्राने १९५५ साली त्यांच्या आंतरराज्य व्यापारावर वेगळा कायदा केला. १९५९ साली मुंबई सरकारने वास आणि लाल डोळ्यांवर विसंबणे सोडून रक्त मोजायचे ठरवले. १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम किंवा अधिक अल्कोहोल निघाले तर ते औषधाचे होते हे आरोपीने पटवून द्यायचे. त्याच १९५९ च्या कायद्याने मुंबईची दारूबंदी विदर्भाला लागू केली. आमच्या भागाला त्याआधी १९३८ चा मध्य प्रांत-वऱ्हाडचा स्वतंत्र दारूबंदी कायदा होता. पण रक्त मोजणेही सरळ नसते. धुळ्याकडच्या १९६० सालच्या एका मोटार अपघातात चालकाच्या रक्तात ०.०६९ टक्के अल्कोहोल निघाले आणि खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तेव्हा ती कुपी मुंबईच्या रासायनिक परीक्षकाकडे पोचेपर्यंत कुठे, कशी ठेवली होती हा प्रश्न निघाला. प्रश्न रास्त होता. उबेत राहिलेल्या रक्तात जंतू वाढतात आणि तिथेही साखर आंबू शकते.

या कायद्यातली एक तरतूद मला फार आवडते. अचानक गरज पडली तर कुटुंबप्रमुखाला औषधी वापरासाठी ब्रँडी, रम किंवा शॅम्पेन बाळगण्याचा "आपत्कालीन परवाना" मिळू शकतो. अपरात्री शॅम्पेनची आपत्ती कोंढ्यात कुणावर आली असेल असे वाटत नाही! पुढे १९६०च्या दशकात बंदी सैल झाली, पण कायदा गेला नाही. महाराष्ट्रात दारू प्यायला आजही परवाना लागतो आणि कागदोपत्री तो दिला जातो तो प्रकृती राखण्यासाठी. शेजारी वर्धा १९७५ पासून आणि गडचिरोली १९९३ पासून कोरडे, चंद्रपूर २०१५ ते २०२१ कोरडे. भंडाऱ्यात परवाना काढा आणि प्रकृती राखा.

आता घरातली गोष्ट सांगतो. ती सांगायला मला बरीच वर्षे लागली.

माझे एक चाचा मोहाची प्यायचे. रोज, संध्याकाळी, बांधीवरून परतताना. घरात सर्वांना माहीत होते आणि कुणालाच माहीत नव्हते. मला माहीत होते, कारण त्यांची सायकल कुठल्या झाडाखाली उभी असते ते मी शाळेतून येताना पाहायचो. एका पावसाळ्यात ते सायकलवरून पडले, मांडीचे हाड मोडले. आम्ही त्यांना दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी ठरलेले प्रश्न विचारले: साखर आहे का, बीपी आहे का, दारू पितात का? अब्बा ताठ उभे राहून म्हणाले, "डॉक्टरसाब, हमारे में कोई नहीं पीता." डॉक्टरांनी लिहून घेतले. मी अब्बांच्या मागेच उभा होतो, कॉलेजात जाणारा, पुस्तके वाचणारा. मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी चाचांचे हात थरथरू लागले. घाम सुटला, झोप उडाली. तिसऱ्या दिवशी त्यांना खाटेखाली बैल दिसू लागले. ते बैलांना हाकू लागले. घरच्यांना वाटले, असर झाला. गावाहून तावीज आला, पाणी दम करून आणले. डॉक्टरांना वाटले, डोक्याला मार लागला असावा. चौथ्या रात्री ताप चढला आणि पहाटे ते गेले. गावात आम्ही सांगितले, पाय मोडला होता, त्याचे विष चढले.

त्या अवस्थेला "डिलिरियम ट्रेमेन्स" म्हणतात हे मी पुढे वाचले. वर्षानुवर्षे रोज मेंदूवर अल्कोहोलचे वजन असले की मेंदू त्याविरुद्ध जोर लावायला शिकतो. मग ते वजन एकाएकी काढले की तो जोर मोकाट सुटतो. पहिल्या दिवशी थरथर, मग कधी झटके, आणि दोन ते चार दिवसांत भास, घाम, ताप. यावर उपचार आहे, तोही साधा आणि स्वस्त: डायझेपामच्या जातीची शामक औषधे, ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने, सलाइन. आधी कल्पना असेल तर ही वेळच येऊ देत नाहीत. डॉक्टरला फक्त माहीत असावे लागते की हा माणूस रोज पीत होता आणि आता थांबला आहे. पेसिकाका खटल्यात एक माणूस अंगातल्या अल्कोहोलला औषध म्हणत होता आणि सरकारला ते खोडता येत नव्हते. आमच्या चाचांच्या अंगात अल्कोहोल होते, ते उतरत होते, आणि त्यांच्या वतीने आम्ही ते कधी नव्हतेच असे सांगत होतो. राष्ट्रीय पाहण्यांत मुसलमान पुरुषांमधले पिण्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच कमी दिसते, हे खरे आणि समाधानाचे आहे. पण ते शून्य नाही. ते शून्य असल्याचे नाटक करताना जो पितो त्याची वाट बंद होते.

दारूच्या दुसऱ्या भावाची गोष्टही इथे सांगितली पाहिजे, कारण तिच्यात विष आणि उतारा यांची जागा उलटते. मिथाइल अल्कोहोल दिसायला, वासाला इथाइलसारखेच, कारखान्यात लागणारे आणि स्वस्त. मुंबईत विक्रोळीला डिसेंबर २००४ मध्ये ८७ माणसे आणि मालवणीला जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक माणसे विषारी दारूने गेली. मालवणीतल्या दारूत हेच मिथेनॉल होते. यकृत मिथेनॉललाही इथेनॉलसारखेच पचवायला घेते, पण त्यातून फॉर्मिक आम्ल तयार होते. आधी डोळे जातात, मग जीव. मुंग्यांच्या डंखातही हेच आम्ल असते. आणि उतारा? शुद्ध इथेनॉल, मोजून, शिरेतून किंवा नळीने पोटात. यकृताचे एंझाइम इथेनॉलला आधी हात घालते, त्यात गुंतून राहते, आणि तेवढ्या वेळात मिथेनॉल न मोडता लघवीतून किंवा डायलिसिसने बाहेर काढता येते. फोमेपिझोल नावाचे चांगले औषध आहे, पण ते फार महाग. म्हणजे दारूच्या विषावर दवाखान्यात दारूच द्यावी लागते. रोगी मुसलमान असेल तर? जीव वाचवण्यासाठी निषिद्धाला परवानगी आहे, हा नियम फिकहच्या पहिल्या धड्यांत येतो. त्यावर वाद होण्याचे कारण नाही.

वाद झाला तो २०२० साली, सॅनिटायझरवर. इथेनॉल ८० टक्के, थोडे ग्लिसरीन, किंचित हायड्रोजन पेरॉक्साइड, ही जागतिक आरोग्य संघटनेची कृती. शुद्ध अल्कोहोल का नाही, असे पुष्कळांनी विचारले. जंतूच्या प्रथिनांची घडी विस्कटायला सोबत पाणी लागते. नुसते अल्कोहोल वरचा थर गोठवून उडून जाते. धार्मिक स्थळे उघडायची चर्चा सुरू झाली तेव्हा उत्तर प्रदेशातल्या काही उलेमांनी मशिदीत अल्कोहोलच्या सॅनिटायझरला विरोध केला आणि भोपाळमधल्या एका मंदिराच्या पुजाऱ्यानेही केला. एवढे मतैक्य आपल्याकडे क्वचित दिसते. आमच्याकडे बहुतेक हनफी. द्राक्ष-खजुराखेरीज इतर पदार्थांपासून केलेल्या अल्कोहोलच्या बाह्य वापराबाबत हनफी उलेमांनी पुष्कळ सवलत दिली आहे आणि महाराष्ट्रातले अल्कोहोल बव्हंशी उसाच्या मळीचे. कोकणातले शाफई बांधव याबाबत अधिक काटेकोर असतात. कुरआनाने दारूबद्दल बोलताना तिच्यात लोकांसाठी काही फायदे असल्याचे आधी मान्य केले आहे आणि नुकसान त्याहून मोठे असल्याचे सांगितले आहे. हा हिशोब मला कुठल्याही औषधशास्त्राच्या पुस्तकात शोभेल असा वाटतो. १६ नोव्हेंबर २०२० रोजी राज्यातली धार्मिक स्थळे उघडली. दादी असती तर तिने सॅनिटायझर लावून घेतले असते आणि मग वजू केला असता.

त्याच बाटलीने पुढच्या एप्रिलमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सात जणांचा जीव घेतला. टाळेबंदीत दुकाने बंद होती, आणि तलफ अनावर झालेल्यांनी सॅनिटायझर प्याले. वृत्तपत्रांनी त्यांना मूर्ख ठरवले. मला खाटेखालचे बैल हाकणारे चाचा आठवले. एकाएकी दारू बंद झालेल्या मेंदूची हाक काय असते, ते मी पाहिले होते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या बहिणीच्या मुलाला अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल केले. भूल देणाऱ्या डॉक्टर बाईंनी फॉर्म भरताना विचारले, दारू घेतो का? बहिणीने लगेच मान हलवली, नाही. मुलगा खाली बघत होता. मी म्हणालो, "घेतो. रोज, तीन-चार वर्षांपासून. किती ते त्यालाच विचारा, आणि आम्हाला बाहेर जायला सांगा." आम्ही बाहेर आलो. मुलगा पाचव्या दिवशी बरा होऊन घरी गेला. बहीण अजून माझ्याशी नीट बोलत नाही.